लॉगबुकात २१४ तास आणि पहिल्या नोकरीचा प्रश्न

टिटवी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात येऊन अडीच महिने झाले. मल्टि-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट (नुसत्या उपकरणांवरून उडवायचं) रेटिंगही झालं. लॉगबुकात एकूण २१४ तास, त्यातले १०८ पीआयसी, म्हणजे विमानाची जबाबदारी माझी असताना. शिकत होते तेव्हा प्रत्येक दिवसाला काम ठरलेलं असायचं. आज सोलो (एकटीचं उड्डाण), उद्या रात्रीचं उड्डाण, परवा चेक. लायसन्स आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर माझं नावच नव्हतं. ते अजून अंगवळणी पडत नाहीये.

चौदा एअरलाइन्सना अर्ज केले. तिघांचं उत्तर आलं, तिन्हींत एकच मजकूर: किमान तास पूर्ण नाहीत. बाकीच्यांकडून काहीच नाही.

माझ्यासमोर तीन वाटा दिसतायत. इन्स्ट्रक्टर रेटिंग करायचं, स्वखर्चाने ए३२० या जेटचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका प्रकारचं विमान उडवायची परवानगी, करून ठेवायचं, नाहीतर भरती निघेपर्यंत थांबायचं. माझ्या बॅचमधले दोघं टाइप रेटिंगला निघालेत. त्यांचा निरोप आला की वाटतं, आपण मागे पडतोय. ज्यांनी हा काळ काढलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. गोड बोलू नका, खरं सांगा.

---

उजवी_सीट

टिटवी, अभिनंदन आधी! ते या गडबडीत कुणी म्हणत नाही, म्हणून मी म्हणतो.

मी आज ए३२० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे. त्याआधी दोन वर्षं इन्स्ट्रक्टर होतो, २०५ तासांवर सुरुवात केली होती. तेव्हा मलाही वाटायचं की ही फक्त तास भरायची जागा. पहिल्या महिन्यातच तो समज गळून पडला.

एक प्रसंग सांगतो. आठ तास झालेला विद्यार्थी, सेस्ना १७२, लँडिंग. धावपट्टी जवळ आली की नवखा माणूस खाली, नाकासमोर बघतो आणि घाबरून योक (विमानाचं हाताचं सुकाणू) खेचतो. विमान पुन्हा वर उचललं जातं, वेग मरतो. माझा हात योकपासून दोन बोटांवर. धरला तर तो शिकणार नाही, नाही धरला तर नोजव्हील मोडेल. तो एक सेकंद कधी संपतो हे ओळखायला मला दीडशे-दोनशे लँडिंग लागली. आज कॅप्टन फ्लाय करत असताना मी शेजारी बसून जे करतो ते हेच आहे: बघायचं, अंदाज घ्यायचा, वेळेवर बोलायचं.

आणखी एक. इन्स्ट्रक्टर कोर्समध्ये पहिल्यांदा उजव्या सीटवर बसशील तेव्हा स्वतःचंच लँडिंग चुकेल. डोळ्यांना सवय डावीकडची असते, विमान मधल्या रेषेच्या बाजूला उतरतं. वाईट वाटून घेऊ नकोस, सगळ्यांचं होतं.

युरोपच्या नियमांत नवीन इन्स्ट्रक्टर सुरुवातीला देखरेखीखालीच शिकवतो. १०० तास शिकवणं आणि विद्यार्थ्यांच्या २५ सोलोंवर देखरेख झाली की ते बंधन सुटतं. म्हणून नोकरी धरताना आधी विचार की तिथे तुझ्यावर लक्ष ठेवणारा अनुभवी इन्स्ट्रक्टर रोज हजर असतो का. पगारापेक्षा तो प्रश्न मोठा आहे.

---

पूर्ववारा

थोडं वेगळं मत मांडतो. कमी तासांत जेटवर जाणं म्हणजे काही वावगं नाही. मी एमपीएल केलं, म्हणजे मल्टि-क्रू लायसन्स. आयकाओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, ते २००६ मध्ये आणलं. प्रत्यक्ष उड्डाण आणि सिम्युलेटर मिळून किमान २४० तासांचा अभ्यासक्रम, आणि पहिल्यापासून दोघांनी मिळून कॉकपिट चालवायचं शिक्षण. आमच्या मागे एअरलाइन पहिल्या दिवसापासून उभी होती, हे मात्र कबूल. ज्याच्या मागे एअरलाइन नाही त्याने एमपीएलच्या वाटेला जाऊ नये. एअरलाइनने हात काढला तर ते लायसन्स घेऊन छोटं विमानही धंद्यासाठी उडवायची पंचाईत होते.

अमेरिकेत फर्स्ट ऑफिसरलाही १५०० तास लागतात तो नियम २०१३ चा. त्यामागे फेब्रुवारी २००९ मधला बफेलोजवळचा क्यू४०० या प्रवासी विमानाचा अपघात होता, ५० माणसं गेली. पण त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० च्या वरच होते. मग नुसत्या आकड्याने काय सिद्ध होतं?

---

उघडं_दार

मी स्कायडायव्हर्स वर नेतो. या वाटेबद्दल फार कमी लिहिलं जातं म्हणून जरा लांबण लावतो.

विमान सेस्ना १८२, पायलटची सीट सोडून सगळ्या सीट काढलेल्या, उजवीकडचं दार हवेत वर उघडणारं. चार उड्या मारणारे. दहा हजार फुटांवर न्यायचं, सोडायचं, खाली यायचं. चांगल्या दिवशी बारा-पंधरा फेऱ्या. ऐकायला सोपं वाटतं, पण शेवटची दोन मिनिटं अशी असतात: इंजिनाची शक्ती कमी केलेली, वेग कमी, दार उघडं, आणि एक माणूस बाहेर पायरीवर स्ट्रट (पंखाचा आधाराचा दांडा) धरून उभा. त्याच्या अंगावर वारा अडतो, नाक उजवीकडे ओढलं जातं. त्याच वेळी आतले तिघं दाराकडे सरकतात, वजन उजवीकडे जातं. तिथे वेग सांभाळला नाही तर स्टॉल, म्हणजे पंखांची उचलच संपते. उडी मारणाऱ्यांना दर वेळी जमिनीवरच सांगतो, एका वेळी किती जण दारात यायचं ते. नेहमीचे असले तरी सांगतो.

खाली येतानाही घाई करायची नाही. दहा हजार फूट चढून तापलेलं इंजिन, एकदम थ्रॉटल बंद करून थंड हवेत बुडी मारली तर सिलिंडरला तडा जायची भीती. थोडी थोडी शक्ती कमी करत यायचं.

आणि इंधन. वजन वाचवायला टाकीत थोडंच ठेवतात, त्यामुळे दर दोन फेऱ्यांनी भरावं लागतं. काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. पंखावर चढून टाकीत मोजपट्टी बुडवायची, प्रत्येक वेळी. "सूर्य मावळायच्या आत अजून एक फेरी होईल ना?" असं विचारणारा माणूस रोज भेटतो. त्याला शांतपणे "नाही" म्हणायला मी इथे शिकलो.

या तासांची मर्यादाही सांगतो. सगळं एकाच धावपट्टीभोवती, स्वच्छ हवेत. टेकऑफ-लँडिंग हजारांनी होतात पण क्रॉस-कंट्री (लांबच्या ठिकाणी जाणं) आणि इन्स्ट्रुमेंटचे तास वाढत नाहीत. मी दर महिन्याला पदरचे पैसे घालून दोन इन्स्ट्रुमेंट अप्रोच, म्हणजे उपकरणांवरून उतरायचा सराव, करतो. ग्लायडर ओढणाऱ्यांनाही हेच लागू.

---

थांबा_पाहा

टिटवीताई, तुम्ही खरं सांगा म्हणालात म्हणून लिहितोय. याआधी कुठेच लिहिलं नव्हतं.

२३० तासांवर मी स्वखर्चाने बी७३७ चं टाइप रेटिंग केलं. नोकरी हातात नव्हती. सिम्युलेटर संपलं, स्किल टेस्ट पास झालो. मग कळलं की रेटिंग लायसन्सवर चढायला बेस ट्रेनिंग लागतं, म्हणजे खऱ्या, रिकाम्या विमानात टेकऑफ-लँडिंग. अनुभवी जेट वैमानिकांना ते सिम्युलेटरमध्येच भागवता येतं, आमच्यासारख्यांना नाही. संस्थेच्या जाहिरातीत "संपूर्ण टाइप रेटिंग" असं होतं. बेस ट्रेनिंग वेगळं, त्याचे पैसे वेगळे, आणि विमान मिळेल तेव्हा. करारात बारीक अक्षरात होतं ते, मी वाचलं नाही. त्यात पाच महिने गेले.

पुढचं अधिक वाईट. रेटिंगची मुदत एक वर्ष. नोकरी नाही, वर्ष संपलं, पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा चेक. त्या नादात छोट्या विमानाचं उडणं बंद पडलं, इन्स्ट्रुमेंट रेटिंगची तारीख टळली. एका मुलाखतीत विचारलं, "शेवटचं विमान कधी उडवलंत?" मी गप्प बसलो. उत्तर अकरा महिने असं होतं.

शेवटी नोकरी लागली ती मालवाहू एटीआर ७२ वर. बी७३७ च्या रेटिंगचा तिथे काही उपयोग झाला नाही. आज बरं चाललंय, पण ती दोन वर्षं परत येत नाहीत.

टाइप रेटिंग वाईट नाही. एअरलाइनचं लेखी पत्र हातात असेल तर जरूर करा. पत्र आधी, पैसे नंतर.

आणि कुणी "आमच्या विमानात उजव्या सीटवर ५०० तास, त्याचे तुम्ही पैसे भरा" असं सांगत आलं तर तिथून निघा. तुमच्या जागी पगारावर बसायला हवा असा एक फर्स्ट ऑफिसर त्यामुळे घरी बसतो, आणि पैसे संपले की तुमच्या जागी पुढचा येतो.

---

टिटवी

थांबा_पाहा दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. बेस ट्रेनिंगचं मला माहीतच नव्हतं. आत्ता माझ्याकडच्या माहितीपत्रकात शोधलं. तो शब्द कुठेच नाही.

---

होकायंत्र

सगळं वाचलं. मी बरीच वर्षं उडवतोय, गेली काही वर्षं सिम्युलेटरवर नव्या फर्स्ट ऑफिसरांना शिकवतो आणि भरतीच्या वेळी तपासायलाही बसतो. टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

टिटवी, तू मागे पडतेस का असं विचारलंस. ही रांग सरळ चालत नाही, मुळी. २००१ नंतर भरती थांबली, २००८ नंतर थांबली, २०२० मध्ये विमानंच उभी राहिली. आणि प्रत्येक वेळी काही काळाने एवढी मागणी आली की माणसं पुरेनात. मध्येच नियम बदलतात. २००६ मध्ये आयकाओने निवृत्तीचं वय ६० वरून ६५ केलं, अमेरिकेने २००७ च्या डिसेंबरात. ज्येष्ठ कॅप्टन पाच वर्षं जागेवर राहिले, त्यांच्या मागची सगळी रांग तिथेच थबकली. त्यात कुणाचा दोष नव्हता. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीवरून स्वतःला मोजू नकोस.

आपल्या हातात काय, ते बघ. सिम्युलेटरमध्ये माणूस बसला की पहिल्या दहा मिनिटांत मला कळतं हा हल्ली उडतोय की नाही. ऑटोपायलट, फ्लाइट डायरेक्टर (पडद्यावर दिशा दाखवणारी मदत) बंद करून साधा आयएलएस (धावपट्टीच्या रेडिओ संकेतांवरून उतरणं) मारायला सांगतो. जो उडत असतो त्याची नजर फिरत राहते, ॲटिट्यूड (विमानाचा कल), वेग, पुन्हा ॲटिट्यूड, लोकलायझर (धावपट्टीची रेषा दाखवणारा काटा). जो बसून असतो त्याची नजर एका काट्यावर चिकटते, तो काटा जागेवर आणेपर्यंत बाकीचे दोन पळालेले असतात. ९०० तासांचा पण आठ महिने जमिनीवर असलेला उमेदवार आणि गेल्या आठवड्यात उडालेला २५० तासांचा, यांत मी अनेकदा दुसऱ्याच्या बाजूने लिहिलंय.

पूर्ववारा, तुझा मुद्दा मला पटतो, अर्धा. १५०० हा आकडा सुरक्षिततेची खात्री देत नाही. पण त्या नियमाने एक झालं: नव्या पोरांना मधली वर्षं कुठेतरी जबाबदारीने काढावी लागली. बहुतेकांनी शिकवलं. तिथे वैमानिकी पदवीच्या अभ्यासक्रमातून आलेल्यांना १००० तासांवर आणि लष्करातून आलेल्यांना ७५० वर सूट आहे, म्हणजे तासांच्या मागे प्रशिक्षणही बघतात. सगळे तास एका मापाचे नसतातच. एका लॉगबुकात ४०० तास असतात आणि ते एकच तास ४०० वेळा उडवलेला असतो.

म्हणून तुझ्या तीन वाटांपैकी थांबणं आधी खोड. जिथे आठवड्याला उडायला मिळेल आणि निर्णय तुझा असेल ती जागा धर, विमान कितीही लहान असो.

एक काम लगेच कर. आज रात्री लॉगबुक पहिल्या पानापासून पुन्हा बेरीज कर. पीआयसी, ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबतचे), रात्र, इन्स्ट्रुमेंट, सिम्युलेटर, प्रत्येक रकाना वेगळा. मुलाखतीत आम्ही तेच पुस्तक उघडतो. चूक आम्हाला सापडली तर ती चूक राहत नाही, संशय होतो.

---

रेघोट्या

हवाई सर्वेक्षण कुणी सांगितलं नाही म्हणून थोडक्यात. खाली कॅमेरा किंवा लायडार (लेझरने जमीन मोजणारं यंत्र), समोर स्क्रीनवर समांतर रेघा, त्या रेघांवरून विमान न्यायचं. रेघेपासून सरकलात, उंची बदलली किंवा पंख जास्त कलला की ती रेघ पुन्हा उडवा. हवामान जुळलं तर दिवसाला सहा-सात तास, नाहीतर आठवडाभर ढगांकडे बघत बसणं. नकाशाच्या फोटोंना सूर्य पुरेसा वर लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात काम जास्त. बरेचदा विमान दोन इंजिनांचं असतं, म्हणजे मल्टि-इंजिनचे तास मिळतात आणि ते एरवी सर्वांत महाग. घरापासून महिनोन्‌महिने लांब राहावं लागतं.

---

एका_वैमानिकाची_आई

मी वैमानिक नाही. मुलाने लायसन्स घेऊन एक वर्ष झालं. कर्ज चालू आहे. तो खोलीतून फार बाहेर येत नाही, विचारलं तर चिडतो. त्याच्यासाठी विमान सोडून काही काम आहे का, जे केलं तर पुढे त्याचं नुकसान होणार नाही? अडाणी प्रश्न असेल तर माफ करा.

---

होकायंत्र

ताई, अडाणी अजिबात नाही. फार योग्य वेळी विचारलात.

एअरलाइनच्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये, फ्लाइट डिस्पॅचमध्ये (जिथे उड्डाणांची आखणी होते) सीपीएलवाल्यांना किंमत आहे. हवामान, इंधन, वजन, पर्यायी विमानतळ, सगळं त्याने शिकलेलंच रोज वापरात येतं, आणि भरती कधी निघते ते आतल्या माणसाला आधी कळतं. दुसरं, ग्राउंड इन्स्ट्रक्टर: हवामानशास्त्र, नेव्हिगेशन शिकवणं. शिकवणाऱ्याचा विषय गंजत नाही, मुलाखतीत फार उपयोगी पडतं. कॅनडाच्या उत्तरेकडच्या कंपन्यांत तर कित्येक जण आधी सामान चढवायचं, विमानावरचं बर्फ काढायचं काम करतात आणि मग कॉकपिटमध्ये जातात. त्यात कुणी कमीपणा मानत नाही.

पण दोन गोष्टी त्याने सोडू नयेत. क्लास १ मेडिकल (व्यावसायिक वैमानिकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग. आणि महिन्यातून एकदा तरी, एक तास का होईना, उडावं. प्रवासी न्यायचे तर ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग हे बहुतेक ठिकाणी किमान आहे, पण ते कागदापुरतं. हाताला ते पुरत नाही.

कर्जाबद्दल: हप्ता थकायच्या आधी बँकेशी बोला. थकल्यावर बोलणं अवघड होतं.

---

थांबा_पाहा

ताई, मीही तसाच खोलीत बसायचो. मला आईने पुढची नोकरी कधी विचारलीच नाही. एक दिवस म्हणाली, "मला ढगांची नावं सांग." तासभर बोललो त्या दिवशी. तुमच्या मुलाला माझ्याशी बोलायचं असेल तर इथे निरोप द्या, मी वेळ काढतो.

---

उघडं_दार

लांब जायची तयारी असलेल्यांसाठी एक भर. बोट्स्वानामधलं माउन, ओकाव्हांगोच्या काठचं. तिथे तरुण वैमानिक स्वतः जाऊन, दारोदार फिरून नोकरी मागतात. सेस्ना २०६, २१०, पुढे मोठी सेस्ना कॅरॅव्हॅन. मातीच्या धावपट्ट्या, उतरण्याआधी एकदा वरून फिरून धावपट्टीवर जनावर नाही ना बघायचं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कुनुनुरा, ब्रूम, डार्विनकडे असंच, कोरड्या हंगामाच्या आधी लोक पोचतात. परवाना त्या देशाचा करून घ्यावा लागतो, कामाचा व्हिसाही, तो विचार आधी. अमेरिकेत चार्टरवर कॅप्टन व्हायला व्हीएफआरला (बाहेर बघून उडायला) ५०० आणि आयएफआरला (उपकरणांवरून उडायला) १२०० तास लागतात. सगळीकडे दोनशेला दार उघडत नाही, नियम वाचूनच तिकीट काढा.

---

उजवी_सीट

आणि टिटवी, इन्स्ट्रक्टर झालीस तर फक्त सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) मारत राहू नकोस. क्रॉस-कंट्रीचे, रात्रीचे, इन्स्ट्रुमेंटचे विद्यार्थी मागून घे. पहिल्या सोलोच्या दिवशी टॅक्सीवेच्या कडेला उतरून रिकाम्या सीटचा पट्टा बांधशील, दार लावशील आणि गवतात उभी राहशील. ती सहा मिनिटं माझ्या सगळ्या तासांत सर्वांत लांब होती.

---

टिटवी

सगळ्यांचे आभार. धागा चार वेळा वाचला, एकदा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला.

टाइप रेटिंगचं आगाऊ भरायचं होतं ते थांबवलं. बॅचमधल्या दोघांना बेस ट्रेनिंगचं विचारायला सांगितलं; एकाच्या करारात ते नाहीये, तो आता लेखी मागतोय. मी इन्स्ट्रक्टर कोर्सला नाव दिलं, पुढच्या महिन्यात सुरू. दोन संस्था बघितल्या. एकीत विमानं नवी होती पण देखरेखीला कोण असतं याचं उत्तर कुणी देईना. दुसरीतल्या मुख्य इन्स्ट्रक्टरबाईंनी मला सरळ विमानात बसवलं, उजवीकडे. लँडिंग मधल्या रेषेच्या दोन मीटर डावीकडे झालं. उजवी_सीट दादा, तुमची आठवण आली.

होकायंत्रकाका, लॉगबुकाची बेरीज केली. पान १७ वर सिम्युलेटरचे ४ तास उड्डाणाच्या रकान्यात गेलेत, आणि तिथून पुढे प्रत्येक पानावर ते वाहत आलेत. म्हणजे माझे तास २१४ नाहीत, २१० आहेत.

---

होकायंत्र

खाडाखोड करू नकोस. चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ, शेजारी बरोबर आकडा, तारीख, सही. अर्जांतही बदल.

---

टिटवी

हो काका. पान १७ ते २९ दुरुस्त झाली. चौदापैकी नऊ जणांना सुधारलेला आकडा पाठवलाय, उरलेले पाच आज रात्री.